ठेसनातली बुधी

सफाळ्याच्या अलीकडचं ते ठेसन रेल्वेने बंद केलं तेव्हा माणसं गेली, घंटा गेली, पाटीसुद्धा गेली. राहिली ती बुधी. हमालाच्या रिकाम्या खोलीत ती सासूला, कमळीला, घेऊन राहायची. नवरा भिका याच फलाटावरून मुकादमाबरोबर खडी फोडायला गेला होता. "इथंच येईन," म्हणाला होता. आपण इथून हललो आणि तो आला तर? बुधीला एवढीच धास्ती. पुढे तारापूरला वीजघराचं काम निघालं, मुलखाची माणसं आली. बुधी प्रत्येक घोळक्यात भिकाला शोधायची. लोक हसायचे. त्यांचं काय जातं!

जागा मात्र वाईट. भरतीचं पाणी खाजणातून रुळांपर्यंत चढायचं, आणि भर दुपारी वारा पडला की कोणीतरी हाका मारतं, असं जो तो सांगायचा. म्हणून इथे पहिल्या दोन हाकांना ओ द्यायची नाही. भूत दोनदाच बोलावतं; तिसरी हाक मारील तो माणूस.

एका दुपारी हाक आली. "बुधेऽऽ!"

आवाज भिकाचा. बुधी ताडकन उठली. कमळीने दाराला अडणा लावला आणि सुनेचं तोंड दाबून धरलं.

"गप! माजाच पोर हाय, मला कलत नाय का? तिसरी येऊ दे."

दुसरी हाक अगदी दाराशी आली. फटीत सावली उभी राहिली. दोघी श्वास धरून बसल्या. मग सावली सरकली. तिसरी हाक काही आली नाही.

"वाचलो बाय," कमळी म्हणाली.

दिवेलागणीला पाम गावचा बैलगाडीवाला वामन बैलांना पाणी पाजायला थांबला. "भिका भेटला वाटंला," तो म्हणाला. "रडत व्हता. दार बंद, कोनी ओ देत नाय, दोगी मेल्या असतील, म्हनला. तिसरी हाक मारायला धीर नाय झाला त्याला. सफाळ्याला आगगाडी धरायला गेला."

बुधी तशीच अनवाणी सफाळ्यापर्यंत धावली. गाडी गेली होती.

त्या पावसाळ्यात कमळी वारली. बुधी तिथेच राहिली, दार सताड उघडं टाकून. दुपारी त्या बाजूला आता कोणी फिरकत नाही. गुराखी सांगतात, हाक मारणारं कोणीच नसतं. नुसती आतून ओ येते.