साहेबांच्या मापाची काठी

निवृत्तीनंतर माणसाचा कणा सरळ होतो, असं कुणी सांगितलं तर त्याला रविवारी सकाळी गोगाबाबा टेकडीवर पाठवा. तिथं आमचं अख्खं ऑफिस चढताना दिसेल. पुढं साहेब, मागं आम्ही आठ जण, नोकरीत होतो त्याच क्रमानं. साहेबांना निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी त्यांच्या पुढं पाऊल टाकायची कुणाची बिशाद नाही.

साहेबांच्या लेकानं त्यांना परदेशातून ट्रेकिंगच्या काठ्या पाठवल्या. झालं! पुढच्या रविवारी आमच्याही सगळ्यांच्या हातात तसल्याच जोड्या, औरंगपुऱ्याच्या बाजारातून आणलेल्या. या काठ्या नळीतून नळी ओढून लांब-आखूड करता येतात, अंगावर सेंटिमीटरचे आकडे छापलेले असतात. दुकानदार बिचारा सांगत होता, "काका, कोपर काटकोनात आलं पाहिजे. तुम्हाला एकशेपंचवीस लागंल." मी त्यालाच वेड्यात काढलं. साहेबांची काठी एकशेदहावर होती. साहेब सव्वापाच फूट, मी सहा फूट. पण साहेबांच्या काठीपेक्षा माझी काठी उंच दिसावी? छे छे! हुकूम कुणी काढला नव्हता. आम्हीच आपापल्या मनानं एकशेदहावर आणून आवळल्या. वर्षभर मी ती टेकडी कमरेत वाकून चढलो आणि घरी येऊन बायकोकडून पाठीला बाम चोळून घेतला.

मग साहेबांनी काठ्यांच्या टोकांचे रबरी बूट काढले. म्हणाले, "टोक मातीत रुतलं की पकड चांगली येते." मातीत येते, खोटं कशाला बोलू? लगेच टेकडीच्या पायथ्याशी आठ म्हातारे आपापले रबर उपटत बसले. मी माझे घरी आणून कपाटाच्या खणात टाकले.

बायकोचं माहेर देवगाव रंगारी. एसटी पडेगाव सोडून दौलताबादला आली की ती खिडकीतून किल्ल्याच्या माथ्यावरच्या महालाकडं बोट दाखवायची. "ती वरची बारादरी एकदा बघायचीय हो." मी म्हणायचो, "बघू पुढच्या खेपेला." अशा चौतीस वर्षं खेपा झाल्या. मागच्या हिवाळ्यात डॉक्टरांनी तिचे गुडघे बघितले आणि सांगितलं, चढायचं ते वर्षभरात चढून घ्या, नंतर बंद. त्या दिवशी तिनं विचारलं नाही, सुनावलंच. "या रविवारी टेकडी नाय. किल्ला."

मी माझ्या काठ्या तिच्या हातात दिल्या. ती नेमकी साहेबांच्या उंचीची, त्यामुळं माप बदलायचीही गरज पडली नाही. खंदक ओलांडला, अंधारी म्हणतात ते काळोखं भुयार पार केलं. लई खुशीत होती. मला मागं टाकून चालली होती. पुढं घासून गुळगुळीत झालेल्या दगडी पायऱ्या लागल्या आणि काठीचं लोखंडी टोक सर्रकन घसरलं. ती गुडघ्यावर आपटली. सावरून उठली, दुसरी काठी टेकवली, तीही घसरली.

मी तिला पायरीवर बसवलं. तिनं काठी उलटी करून टोक बघितलं.

"याला खाली रबर नसतं का हो?"

"असतं. घरी आहे."

"घरी कशाला?"

"साहेबांनी काढलं, म्हणून मी पण काढलं."

बोललो आणि मला माझीच शिसारी आली. ती हसेल असं वाटलं होतं. ती हसली नाही. गुडघा सुजायला लागला होता. तिनं मान वर करून उरलेल्या पायऱ्यांकडं बघितलं आणि काठ्या माझ्याकडं सरकवल्या.

"मी चौतीस वर्षं सांगत होते, तर तुम्ही कधी एसटीतून उतरला नाय. साहेबांना तर सांगावं पण लागलं नाय."

माझ्या खांद्यावर हात टाकून ती खाली उतरली. नंतर गुडघ्यानं पुन्हा चढू दिलंच नाही. पुढच्या रविवारी मी टेकडीवर साहेबांना आधीच्या गैरहजेरीचं कारण सांगितलं, आणि तेही हात जोडून.

आता माहेरी जाताना ती एसटीत खिडकीची जागा मला देते.