दाविदाचा पुत्र, नत्थुजीचा जयवंता

नत्थुजी सुताराला अमरावतीत कोण ओळखत नव्हतं? आणि त्या वर्षांत तर विचारूच नका. तिकडे दूर अमेरिकेत लढाई जुंपली, इकडे वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचे दिवस आले. कापूस ठेवायला घरात जागा नाही, मुंबईला न्यायला गाड्या पुरत नाहीत. जो तो सुताराच्या दारात. "नत्थुजी, माही गाडी आधी!" आणि नत्थुजी बाभळीच्या ढलप्यांत मांडी घालून बसलेला, मान वर न करता म्हणायचा, "होईन, होईन. बैल पयून नाही चालले तुमचे."

मोठा फटकळ माणूस. पण जयवंताशी बोलताना त्याचा आवाज आपोआप खाली यायचा.

जयवंता त्याच्या बायकोचा, जमुनेचा, पहिल्या नवऱ्यापासूनचा मुलगा. जमुना विधवा झाली तेव्हा पोर अंगावर पीत होतं. नत्थुजीनं तिच्याशी पाट लावला आणि तिच्याबरोबर पोरही घरात आलं. असं आईमागून आलेल्या पोराला तिकडे गेल्हड म्हणतात. नत्थुजीनं त्याला खांद्यावर वाढवलं, लाकूड तासायचा वाकस धरायला शिकवलं. वीस वर्षांचा झाला तेव्हा त्याच्या हातचं चाक दर्यापूरच्या चिखलातूनसुद्धा न कुरकुरता निघायचं. नत्थुजी ते चाक हातानं फिरवून बघायचा आणि उगाच खाकरायचा.

पण एक होतं. 'माहा पोरगा' हे शब्द त्याच्या तोंडून कधी निघाले नाहीत. कोणी विचारलं तर 'आमचा जयवंता' म्हणायचा, नाहीतर 'जमुनेचा पोरगा'. आता तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं! मीही आधी तेच म्हणत होतो.

दर्यापूरची मुलगी ठरली. मांडव पडला, जयवंताला हळद लागायची वेळ झाली. सुताराच्या लग्नात घराण्याचं देवक म्हणून वाकस मांडतात, बापाच्या बापाचा, पिढ्यांचा वाकस. ज्याच्या कुळाचा वाकस, त्याच्या कुळाचा नवरदेव. नत्थुजीनं तो खुंटीवरून काढला, धुतला, कुंकू लावलं आणि पाटावर ठेवायला वाकला. तेवढ्यात जातीतले वडील पंच, उत्तमराव, म्हणाले, "थांब, नत्थुजी. कोनाचं देवक मांडून राहिला?"

"आमचं."

"पोरगा तुह्या कुळीचा हाये का? हात ठेव वाकसावर, अन् सांग. खोटं बोलशीन तं उद्यापासून आमी तुह्या दारचं पानी पेनार नाही."

जमुना दाराच्या चौकटीला धरून उभी. जयवंता पाटावर बसलेला, आणि तो नत्थुजीकडे बघत होता. फक्त बघत होता. अरे, एक शब्द बोलायचा होता या माणसानं! पण समोर जात तुटायची भीती, आणि हात देवकावर, खोटं बोलणार कसं? नत्थुजी म्हणाला, "रक्त माहं नाही."

झालं. जयवंता उठला. कोणावर ओरडला नाही. कपाळाला लावलेलं कुंकू पालथ्या हातानं पुसलं, आईच्या पाया पडला आणि निघून गेला. मुहूर्त टळू नये म्हणून त्याच मांडवात, त्याच वाकसापुढे, त्याच मुलीसाठी नत्थुजीच्या भावाच्या मुलाला, सूर्यभानाला, हळद लावली. लोक पोटभर जेवले. जमुनेनं नवऱ्याला एका शब्दानं बोल लावला नाही, आणि पुढे वर्षभर गरजेपुरतंच बोलली.

गाडीवाल्यांकडून कळलं, जयवंता अकोल्याला आहे. रेल्वेचा रस्ता तिकडे येत होता, पुलाच्या कामाला सुतार लागत होते. नत्थुजी ऐकून घ्यायचा आणि पुन्हा कामाला लागायचा. जावं असं रोज मनात यायचं. पण जाऊन म्हणणार काय? रक्त तर खरंच त्याचं नव्हतं.

अशात एका बाजारच्या दिवशी चिंतामणपंत आले. हे मूळचे नगरकडचे ब्राह्मण, ख्रिस्ती झालेले, बाजारात उभे राहून उपदेश करायचे. पोरंटोरं त्यांना खडे मारायची. त्या दिवशी त्यांच्या चौरंगाचा पाय मोडला, म्हणून नत्थुजीच्या दारात बसले आणि वेळ जावा म्हणून मोठ्यानं पुस्तक वाचू लागले. अमक्याचा मुलगा तमका, तमक्याचा मुलगा फलाणा. नत्थुजीला गंमत वाटली.

"आमच्याइकडे भाट वाचते असं. कोनाची कुळी हाये, पंत?"

"येशूची. त्याला दाविदाचा पुत्र म्हणतात."

"दाविद कोन?"

"राजा. येशूच्या हजार वर्षं आधीचा. देवानं त्याला वचन दिलं होतं, तुझ्या वंशात असा राजा येईल की त्याच्या राज्याला शेवट नसेल. लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या त्याची वाट पाहिली. दाविदाचा पुत्र म्हणजे तो, यायचा राजा. त्याला या नावानं हाका कोणी मारल्या माहीत आहे? रस्त्यावरच्या आंधळ्यांनी. आणि मुकुट मिळाला तो काट्यांचा."

"अन् बाप कोन त्याचा?"

"योसेफ. सुतार होता, तुझ्यासारखाच."

नत्थुजी हसला. "सुताराचं पोर राजा?"

"योसेफ दाविदाच्या कुळातला होता. पण पोर त्याच्या रक्ताचं नव्हतं. ते देवाचं, असं आम्ही मानतो. त्याला आधी वाटलं, मरियेला गुपचूप सोडून द्यावं. मग देवाच्या दूतानं सांगितलं, तिला घरी आण, पोराचं नाव तू ठेव. त्यानं ठेवलं. म्हणून ते पोर दाविदाच्या कुळातलं."

"बस? रक्त नसून?"

"आपला म्हटला ना त्यानं."

नत्थुजीनं चौरंगाचा मोडका पाय उचलून उगाच तासला. मग विचारलं, "त्याले कोनी पंच नाही भेटले?"

"भेटले असतील. पुस्तकात लिहिलेलं नाही."

चौरंगाचा पाय त्यानं उलटा बसवला. पंतांनी चूक दाखवली तेव्हा काढला आणि पुन्हा बसवला. आता लोक म्हणतात नत्थुजी बाटला, वगैरे. काही नाही! तो पंतांच्या मागे एक दिवस गेला नाही. त्याला त्या राजाशी देणंघेणं नव्हतं. त्याच्या डोक्यात फक्त तो सुतार बसला होता.

घरी येऊन त्यानं वाकस काढला, फडक्यात गुंडाळला. जमुनेला म्हणाला, "आनतो त्याले. पुन्हा मांडव टाकतो. उत्तमरावाच्या तोंडावर सांगतो, माही कुळी हाये म्हनून. तोडू दे जात तोडायची तं."

जमुना त्याच्याकडे बघत राहिली. "आता सुचलं तुमाले?" एवढंच म्हणाली, आणि भाकरी बांधून दिल्या. चार जास्त बांधल्या, येताना दोघांना लागतील म्हणून.

तिसऱ्या दिवशी तो अकोल्याला पोचला. पुलाच्या कामावर मुकादमाला गाठलं.

"जयवंता सुतार? तो तं गेला, बाबा. मांगच्या बुधवारी. हैजाची साथ आली होती इथं, एका दिवसात अकरा मानसं गेली. सगळ्यायले मोर्णा नदीच्या काठी पुरलं. मोठा गुनी पोरगा होता."

नत्थुजीनं फडक्यातला वाकस छातीशी धरला.

"निरोप धाडला असता आमी. पन कामावर घेतलं तवा बापाचं नाव इचारलं होतं. म्हने, बाप नाही." मग मुकादमानं त्याला खालीवर न्याहाळलं. "तुमी त्याचे कोन?"

इथंही नत्थुजीच्या तोंडून शब्द फुटला नाही. काय म्हणेल? पोरानंच सांगून ठेवलं होतं, बाप नाही. तो वळला आणि नदीकडे चालू लागला.

काठावर एक न्हावी बसला होता. नत्थुजी त्याच्यासमोर जाऊन बसला, वाकस मांडीवर घेतला, पागोटं काढलं. "डोकं कर. मिशीबी काढ."

"अरेरे. बाप गेला का, काका?"

"नाही. पोरगा."

न्हाव्यानं वस्तरा खाली ठेवला. "पोरासाठी बाप मिशी नाही काढत. रीत नाही."

"काढ तू."

"तुमचा सोताचा पोरगा?"

"माहा," नत्थुजी म्हणाला. मग मोठ्यानं म्हणाला, "माहा पोरगा. जयवंता नत्थुजी. माहा!" नदीवर धुणं धुणाऱ्या बायांनी माना वळवून पाहिलं, आणि तो ढसाढसा रडायला लागला.

न्हाव्यानं मान डोलावली. त्यानं जयवंताला कधी पाहिलं नव्हतं, आणि अमरावतीच्या मांडवात काय झालं हेही त्याला ठाऊक नव्हतं. त्यानं ओंजळभर पाणी घेतलं आणि नत्थुजीच्या डोक्यावर ओतलं.