मागून येणारा आवाज

हे माझ्या बायकोलाही माहीत नाही, आणि तिला माझ्या फोनचा पासवर्डसुद्धा माहीत आहे. दत्ताला तर नाहीच नाही. त्याला सांगायला म्हणून एकदा इंदापूरच्या एसटी स्टँडपर्यंत गेलो होतो. तिथे एक ग्लास रस प्यायलो आणि परतीची गाडी धरली. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही दत्ताला ओळखत नाही, म्हणून. यात धाडस वगैरे काही नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

पण आधी त्या खोलीविषयी.

बारामतीत, जळोचीच्या बाजूला, एका छोट्या कॉलेजात संगीताचा वर्षभराचा अभ्यासक्रम निघाला होता. स्टेजवर गाणं, गाणी लिहिणं, रेकॉर्डिंग करणं – सगळं एकाच फीमध्ये. स्टुडिओचं उद्घाटन झालं तेव्हा नारळ दारातच फोडला गेला आणि पाणी आवाज शोषायला भिंतीला लावलेल्या स्पंजावर उडालं. तो डाग आम्ही वर्षभर पाहिला. शेजारची कोनशिला स्टुडिओच्या काचेपेक्षा मोठी होती. तिच्यावरच्या मान्यवरांपैकी एकालाही मी कधी सुरात बोलताना ऐकलेलं नाही, गाणं दूरच.

दत्ता माझ्या वर्गात होता. तो इंदापूरच्या एका बँडमध्ये गायचा – वरातीतल्या गाडीवर उभा राहून, पुढे नाचणारी माणसं, मागे जनरेटर, बाजूला ताशे. त्या कल्लोळात त्याचा सूर हलायचा नाही. मी पुस्तकं वाचलेला मुलगा होतो. मला गाणं समजायचं, त्याला यायचं. हा फरक मला पहिल्याच आठवड्यात कळला होता आणि तो मी त्याला कळू दिला नव्हता.

वर्षाच्या शेवटी वर्गाचं एक गाणं रेकॉर्ड करायचं होतं. पुण्यातल्या एका स्टुडिओला कोरससाठी आवाज हवा होता; आमचे सर ते गाणं नमुना म्हणून पाठवणार होते. जो गाईल, त्याला बहुधा काम मिळणार. शब्द माझे निवडले गेले. गाण्यात नीरा होती, भीमा होती, नरसिंहपूरचा संगम होता आणि मला त्या वयात अजिबात न कळलेला विरह होता. गाणार कोण, हे मी गृहीत धरलं होतं. सरांनी मात्र वर्गात ते दत्ताकडून म्हणवून घेतलं.

काय झालं सांगू? दुसऱ्या कडव्यात तो ‘पाणी’ या शब्दावर नुसता थांबला – आणि सगळा वर्ग थांबला. मी लिहिलेली ती ओळ मला पहिल्यांदा समजली. कुणालाही आनंद व्हावा असा तो क्षण. मला झाला का? ... सरांनी जाहीर केलं, दत्ताच गाणार. मी टाळ्या वाजवल्या. जरा जास्तच जोरात.

आता थोडं यंत्राबद्दल सांगावं लागेल, कारण माझा गुन्हा त्यातच आहे. गाणारा माणूस काचेपलीकडे कानाला हेडफोन लावून उभा असतो. त्याचा आवाज संगणकात जातो आणि परत त्याच्याच कानात येतो. संगणकात एक आकडा असतो. तो लहान ठेवला तर आवाज तत्काळ येतो. मोठा ठेवला तर किंचित उशिरा – अगदी किंचित, पण स्वतःचा आवाज असा मागून आला की भले भले अडखळतात. रेकॉर्डिंगला आकडा लहान ठेवायचा. नंतर गाणं सजवताना संगणकावर ताण येतो, तेव्हा मोठा करायचा. हे शिकवणारे मास्तर पुण्याहून फक्त शनिवारी यायचे आणि वर्गात हे नीट उमगलेला विद्यार्थी एकच होता. मी.

त्या दिवशी शनिवार नव्हता. यंत्रावर मी बसलो होतो. आदल्या दिवशी संगीताचा भाग सजवताना आकडा मीच मोठा केला होता आणि कमी करायला विसरलो होतो. ही चूक खरंच चूक होती. इथपर्यंत मी निर्दोष आहे. हे वाक्य मी स्वतःला इतक्या वेळा म्हणून दाखवलंय की ते आता पाठ झालंय.

दत्ता गायला लागला आणि ठेक्याच्या मागे पडला. सावरायला गेला, तर पुढे पळाला. सूरही सैल झाला. पुन्हा घेतलं – तेच. गाडीवर ताशांच्या शेजारी न हललेला माणूस एका शांत खोलीत घसरत होता. माझी नजर आकड्यावर गेली. मला कळलं.

मी काय केलं? नजर काढून घेतली.

“आरं, कुणीतरी माझ्या मागनं म्हणतंय असं वाटतंय,” दत्ता आतून म्हणाला.

“स्टुडिओत भूत आहे का रे?” सर शाल सावरत म्हणाले. वर्ग हसला. मीही हसलो.

तो हसला नाही. त्याने काचेतून सरळ माझ्याकडे बघितलं. “मशीनचं काय न्हाय ना, गड्या? एक कान काढून गाऊ का?”

हेडफोनचा एक कान काढला असता तरी भागलं असतं. स्वतःचा खरा आवाज त्याला ऐकू आला असता. म्हणजे उपायही त्यानेच शोधला होता, माझ्यासारखं काही न शिकता. मला फक्त ‘काढ’ म्हणायचं होतं. मी बोलायचं बटण दाबलं आणि म्हणालो, “मशीन ठीक आहे. कान काढू नको, गोंधळ होईल.”

हेच ते. एवढ्यासाठी तुम्हाला इतकं फिरवलं.

त्यानंतर तो आणखी कितीतरी वेळ गात राहिला. घाम पुसत, डोळे मिटून, माझ्यावर विश्वास ठेवून. शेवटी सरांनी हात वर केला आणि गंभीर होऊन म्हणाले, “काही गळे माइकसाठी नसतात.” अशी वाक्यं त्यांच्याकडे तयार असायची. एरवी मी त्यांची टिंगल करायचो. त्या दिवशी मला ते वाक्य फार उपयोगी पडलं.

मग सर म्हणाले, तूच गाऊन बघ. बटण कुठलं दाबायचं ते एका मुलाला दाखवून मी उठलो. आणि आत जाण्याआधी वाकून तो आकडा लहान केला.

‘तेव्हा मला नीट कळलं नव्हतं’, ‘मी गोंधळलो होतो’ – अशी कुठलीही पळवाट मला का नाही, ते आता तुमच्या लक्षात आलं असेल. माझ्या हाताला सगळं माहीत होतं.

मी ठेक्यात गायलो. बाकी त्या गाण्यात काही नव्हतं. पुण्याच्या स्टुडिओत काही महिने कोरसमध्ये उभा राहिलो. मग त्यांनी, आवाज सर्वसाधारण आहे, असं सभ्यपणे कळवलं. आता मी त्याच कॉलेजात रेकॉर्डिंग शिकवतो. पहिल्या तासाला तो आकडा दाखवतो. मुलांना मी फार काटेकोर वाटतो.

दत्ता अजून बँडमध्येच आहे, पण कीबोर्ड वाजवतो. गात नाही. त्या दिवसाचा किस्सा तो स्वतःच रंगवून सांगतो – मागनं भूत गात होतं, मी म्हटलं तूच गा बाबा! लोक पोट धरून हसतात. मी समोर असलो तर माझ्याकडे हात करून म्हणतो, “इचारा की, ह्यो व्हता तितं.”

यंदा त्याची धाकटी बहीण मनीषा कॉलेजात आली. त्याआधी त्याने मला फोन केला होता. “तू समजाव तिला. गाडीवर गाणं येगळं. कानात घालून गायाचं आमच्या घरात न्हाय जमत.” मी म्हणालो, शिकू दे. एवढंच म्हणालो.

परवा तिचं पहिलं रेकॉर्डिंग होतं. आकडा मी दोनदा तपासला. दत्ता भवानीनगरचं लग्न उरकून बँडच्या लाल कोटातच आला आणि काचेच्या अलीकडे माझ्या खुर्चीमागे उभा राहिला. मनीषाने हेडफोन लावले, डोळे मिटले आणि एका दमात गाऊन टाकलं. ठेका जागच्या जागी. तिच्या भावाचा तोच थांबा, तसाच, एका शब्दावर.

दत्ता पुढे सरकला. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, “म्हंजी घराचं काय न्हाय. खोट माझ्यातच व्हती.” आणि मोकळं हसला – बहिणीची काळजी मिटल्यावर माणूस हसतो तसं.

त्याचा हात खांद्यावर होता. मनीषा काचेपलीकडून आमच्याकडे बघत होती.

मी मान हलवली. होकारार्थी.