चीफच्या गळाला लागलेली बादली

अन्याय झाला तो चीफवर. २००६ साली, मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी, भर दुपारी, सिंगापूरच्या पासिर रिसहून निघालेल्या भाड्याच्या बोटीवर. करणारे सगळे मराठी होते, शिकलेले होते, आणि त्यातले बरेच जण आता आपल्या मंडळाचा हा अंक हातात धरून बसले आहेत. तेव्हा आधीच सांगते, हे वाचून कोणाला टोचलं तर ते टोचावं म्हणूनच लिहिलं आहे.

चीफ म्हणजे आयुष्यभर मालवाहू जहाजांवर चीफ इंजिनियर म्हणून राहिलेले आणि निवृत्तीनंतर सेम्बावांगच्या फ्लॅटमध्ये स्थिरावलेले काका. जहाज सुटलं, पण इंजिनरूम काही सुटली नाही. भेटेल त्या माणसाला ते हुद्दा देऊन टाकत. बँकेतला नितीन त्यांचा सेकंड इंजिनियर, माझे अकाउंटंट बाबा थर्ड, काकू कॅप्टन, आणि मी शाळेत असल्यापासून कॅडेट. घरकाम करणाऱ्या बायकांना आठवड्याची सुट्टी मिळावी म्हणून मी पहिलं पत्रक लिहिलं, तेव्हा आमच्या ओळखीच्या घरांमधून ते थेट रद्दीत गेलं. चीफनी मात्र चष्मा लावून अक्षर न् अक्षर वाचलं आणि म्हणाले, "कॅडेट, रागाला प्रेशर गेज लाव. नाहीतर बॉयलर फुटतो आणि भाजतो तो आपलाच माणूस." मी काही गेज लावलं नाही. आजही लावणार नाही.

सिंगापुरात उन्हाळा वेगळा नसतो, बारा महिने तोच घाम. पण मराठी माणसाला मे महिना लागला की काहीतरी सुट्टीसारखं करायची खुमखुमी येते, आणि ती खुमखुमी बोटीवर नेऊन घालायची चाल चीफनी पाडली. दरवर्षी एक दिवस बोट घ्यायची, मागे लांब दोऱ्या सोडायच्या, दोरीच्या टोकाला चकचकीत खोटा मासा, आणि बोट सावकाश चालवत राहायची. सुरमई त्या खोट्या माशावर झेपावते. चीफ गळाचा रॉड हातात धरून डोळे मिटून बसत. कोणी गप्पा सुरू केल्या की म्हणत, "इंजिनचं आणि माशाचं ऐकायचं असतं. बोलायला घर आहे." मग काकू मागून म्हणायच्या, "घरी तरी कुठे बोलता?" आणि डोळे न उघडता चीफ हसायचे.

बादलीची चालही त्यांनीच पाडली, हे मी लपवणार नाही. नवा माणूस पहिल्यांदा बोटीवर आला की जेवताना त्याची दोरी गुपचूप ओढून घ्यायची, खोटा मासा काढून तिथे प्लॅस्टिकची बादली बांधायची आणि पाण्यात सोडून द्यायची. चालत्या बोटीमागे भरलेली बादली अशी ओढते की रील किंचाळतं आणि बिचाऱ्याला वाटतं, देवमासा लागला. पण चीफचा एक नियम होता. त्या माणसाच्या कपाळावर घाम दिसला की खेळ संपला. ते स्वतः उठून त्याच्या खांद्यावर हात ठेवत, "वेलकम अबोर्ड" म्हणत, आपला रॉड त्याच्या हातात देत, आणि दिवसातली पहिली सुरमई त्याच्या घरी जाई. माझ्या बाबांनाही बादली मिळाली होती. त्या रात्री आमच्या बुकित पंजांगच्या घरात जी सुरमई तळली गेली, तिची गोष्ट बाबा अजून सांगतात.

त्या रविवारी नितीनच्या डोक्यात आलं की चीफना त्यांचीच बादली द्यायची. परतफेड. चीफ डबा खात होते, थालीपीठ आणि काकूंनी दिलेली कैरीची चटणी. काकू त्या दिवशी आल्या नव्हत्या. नितीनने लाल बादली बांधली, पाण्यात सोडली आणि ओरडला, "चीफ, तुमचा रॉड!"

चीफनी थालीपीठ टाकलं आणि रॉड धरला. पहिल्यांदा सगळे खूश झाले, कारण सगळ्यांना वाटलं, म्हातारा ओळखून आहे, नाटक करतोय. पाय रोवून, ओठ आवळून ते रील फिरवत होते. "मोठी आहे," ते म्हणाले. "कॅप्टनला फोन लावा, म्हणावं मसाला वाटून ठेव." बोट हास्याने हलली. त्यांनी थोडी दोरी ओढून घेतली की नितीन बोटवाल्याला खूण करायचा, वेग वाढायचा आणि ओढलेली दोरी सरसरत परत जायची. कपाळावर घाम आला. शर्ट भिजला. तरी ते मागच्या पाण्यात मासाच शोधत होते. आणि मला एकदम कळलं, हे नाटक नाही. ही चाल ज्याने काढली, त्या माणसाला ती ओळखू येत नव्हती.

हे फक्त मलाच कळलं असं नाही. हसण्याचा आवाज मध्येच बदलला, तो मी ऐकला. सगळ्यांना कळलं होतं. कळल्यावर थांबायचं असतं. ते जास्त जोरात हसले.

मी म्हटलं, काका, सोडा, बादली आहे. नितीन म्हणाला, "ए गप गं. इथे कसली पत्रकं वाटतेस?" बाबांनी मला हात धरून खाली बसवलं. ते पण हसत होते. एकाने नवा कॅमेरा काढून शूटिंग सुरू केलं होतं.

शेवटी बोटवाल्यानेच इंजिन बंद केलं. तो मलय म्हातारा, त्याला आमची भाषा येत नव्हती, पण त्याने नितीनकडे बघायचं सोडून दिलं होतं. बादली वर आली. चीफनी तिच्याकडे पाहिलं, तिच्या मागच्या पाण्यात पाहिलं, मग आमच्याकडे पाहिलं. "मासा कुठे गेला?"

"बादलीत आहे, बघा ना," नितीन म्हणाला.

आणि चीफनी अस्तनी वर सारून बादलीत हात घातला. कोपरापर्यंत. तळ चाचपला, कडेकडेने हात फिरवला, पुन्हा तळ चाचपला. कॅमेरा चालू होता.

चीफच्या विसरण्याची बातमी काकूंनी कितीतरी दिवस एकटीने दाबून धरली होती, हे मला नंतर कळलं. फोन त्या स्वतः उचलायच्या, त्यांच्या खिशात पत्त्याची चिठ्ठी घालायच्या, चारचौघांत त्यांना कोणाचं नाव आठवेनासं झालं की आधी स्वतःच ते नाव घेऊन हाक मारायच्या. "सगळ्यांच्यात आहेत तोवर बरे आहेत," असं त्यांना डॉक्टरने सांगितलं होतं. म्हणून तर चीफना बोटीवर पाठवलं होतं. आपल्या माणसांच्यात.

त्या आपल्या माणसांनी गणपतीच्या कार्यक्रमात ते शूटिंग पडद्यावर दाखवलं. मागे गाणं लावून. चीफ पहिल्या रांगेत काकूंच्या शेजारी बसले होते. पडद्यावरचा माणूस बादलीत हात फिरवत होता आणि हॉल हसत होता. चीफही थोडे हसले. मग काकूंकडे वळून मोठ्याने म्हणाले, "कोण गं हा? याला कोणी सांगत का नाही?"

त्यावर तर टाळ्या पडल्या. काकू उठल्या, त्यांना हाताला धरून उठवलं, आणि दोघं प्रसाद न घेता गेले. त्यानंतर दोघांना तुमच्यापैकी कोणी कुठे पाहिलं नाही, आणि कोणी शोधलंही नाही. पुढच्या मेमध्ये बोट गेली. त्याच्या पुढच्या मेमध्येही गेली.

मी विचारलं आहे तुम्हाला, एकेकाला. ठरलेलं उत्तर येतं. "अगं, त्यांनीच सुरू केलेलं ना ते." हो. त्यांनी सुरू केलं आणि ते कुठे थांबवायचं तेही दरवर्षी तुमच्या डोळ्यांसमोर दाखवलं. तुम्ही अर्धंच शिकलात. दुसरं उत्तर, "त्यांना कुठे आता आठवतंय?" म्हणजे माणूस विसरला की हिशेब मिटला. असं असेल तर तान्ह्या पोराला चिमटा काढायलाही हरकत नाही.

मी दर शनिवारी जाते सेम्बावांगला. चीफ खिडकीशी बसलेले असतात. वजन उतरलं आहे. कधीकधी उजवा हात मांडीवर गोल गोल फिरत राहतो, काहीतरी चाचपत असल्यासारखा, आणि काकू येऊन तो हात आपल्या हातात घेतात. मला ते ओळखत नाहीत. बसल्या बसल्या अनेकदा विचारतात, आपण कोण? मी नाव सांगते. ते मान हलवतात, "छान, छान" म्हणतात, आणि थोड्या वेळाने परत विचारतात.

तेव्हा ज्याच्याकडे ते शूटिंग आहे त्याने ते आज पुसून टाकावं. पण तेवढ्यावर सुटका नाही. या रविवारी सेम्बावांगला जा. नितीन, तू पण. बाबा, तुम्ही पण. दार काकू उघडतील. त्यांना उंबऱ्यातच सांगा, मी त्या बोटीवर होतो आणि मी हसलो. त्यांनी आत घेतलं तर चीफच्या शेजारी बसा. ते विचारतील, आपण कोण? नाव सांगा. जितक्या वेळा विचारतील, तितक्या वेळा सांगा.