खिळ्यावरचा कप

माझी वहिनी वीस वर्षं फिटिंगच्या टेबलावर होती. गिऱ्हाइकाच्या अंगावर कपडा चढवायचा आणि ओठांत धरलेल्या टाचण्या एकेक काढून टोचायच्या. तोंडात सहा टाचण्या असल्या तरी ती माझ्याशी भांडू शकायची. मी तिची नणंद, शेजारच्याच मशीनवर.

गेल्या वर्षी तिच्या ओठांवर पुरळ उठलं. खाज, भेगा, जेवताना आग. आमच्या वर्कशॉपच्या मोठ्या बाईंनी ते पाहिलं आणि भर गिऱ्हाइकांसमोर म्हणाल्या, "कुठून आणलंस हे, देव जाणे." वीस वर्षं काम केलेल्या बाईला असं बोलतात? त्यांनी तिला टेबलावरून उठवलं आणि मागे काजं करायला बसवलं. तिच्या चहाच्या कपाला लाल नेलपॉलिशची रेघ ओढून तो वेगळ्या खिळ्याला टांगला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. वहिनी मात्र सुई-दोरा घेऊन मागे जाऊन बसली.

मीच तिला ओढत डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी विचारलं, ओठांना काय काय लागतं? लिपस्टिक नाही, काही नाही, नुसत्या टाचण्या. "मग त्याच," त्या म्हणाल्या. "धातूची ॲलर्जी. वीस वर्षांनीही सुरू होते. एकाचं दुसऱ्याला लागत नाही." आठ दिवस मलम, वर व्हॅसलीन, ओठ चाटायचे नाहीत, टाचण्या तोंडात घ्यायच्या नाहीत. तीन आठवड्यांत बरं वाटलं नाही तर परत यायचं, कारण न भरणारी जखम तपासावीच लागते. वहिनीने विचारलं, "मग लागतं ते कसं असतं?" तर म्हणाल्या, "तापानंतर पाण्याच्या फोडांचा घोस येतो, तो. आधी चुरचुरतं. तेव्हाच त्याचं वेगळं मलम लावलं तर लवकर आटोपतं. खपली वाळेपर्यंत उष्टं द्यायचं नाही."

दोन आठवड्यांत ओठ साफ झाले. लागण नाही असं डॉक्टरीणबाईंनी लिहूनही दिलं. मोठ्या बाईंनी कागद न वाचता परत केला. "कागद काय, कुणीही लिहून देतं." काजं चालूच राहिली, कपही खिळ्यावरच.

मग मोठ्या बाईंना ताप आला. सोमवारी त्या कामावर आल्या त्या ओठ चोळतच. बुधवारी खालच्या ओठावर फोडांचा हा घोस. "उष्णता झालीय," म्हणाल्या आणि एका नवरीच्या फिटिंगला उभ्या राहिल्या, तोंडात टाचण्या घेऊन.

चहा आला. वहिनी उठली, खिळ्यावरचा लाल रेघेचा कप विसळला, त्यात चहा ओतला आणि नवरीच्या आईसमोर बाईंच्या हातात दिला.

"बाई, हे लागतं बरं का," ती अगदी मायेने म्हणाली. "माझं लागत नव्हतं."

नवरीच्या आईने पोरीला मागे ओढलं. "आमचं फिटिंग ह्या करतील," तिने वहिनीकडे बोट दाखवलं. बाईंनी तोंडातल्या टाचण्या काढल्या आणि बाजूला झाल्या. वहिनीने स्वतःची नवी डबी उघडली, टाचण्या मनगटावरच्या उशीत खोचल्या आणि वीस वर्षांच्या जागेवर जाऊन उभी राहिली. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! जशास तसं.

घरी भाजी निवडताना मी म्हटलं, "बिचाऱ्या बाईंना दोन दिवस आधी कळलं असतं, तर मलमाने आटोपलं असतं."

वहिनीने मान वर केली नाही.

"सोमवारीच कळलं होतं मला," ती म्हणाली. "त्याचं मलमही होतं पर्समध्ये. मुद्दाम आणून ठेवलं होतं."

मग तिने पुढची जुडी ओढली.