दातांचा घरचा कारखाना

आमच्या बाबांना सगळी गल्ली ‘कवळीवाले’ म्हणते. दातांचे डॉक्टर पेशंटच्या जबड्यांचे ठसे पाठवतात, बाबा मागच्या खोलीत त्यांत प्लास्टर ओततात, मेण लावतात, दात बसवतात. आमच्या फळीवर भांडी कमी आणि जबडेच जास्त! आईच्या तोंडातही बाबांचीच कवळी. खरे दात कुठे गेले म्हणून विचारा, आई थाटात सांगेल, “दोन पोरांत गेले. मूल म्हटलं की दात जायचेच.”

अशा घरात वहिनीला दिवस गेले. मग काय विचारता! बादली उचलू नकोस, जिना चढू नकोस, जोरात शिंकू नकोस. पोटाला जपायला घरभर माणसं, तोंडात डोकवायला कुणी नाही. दात घासताना वहिनीच्या हिरड्यांतून रक्त यायचं. आईने तोडगा काढला, “मग घासूच नकोस.” झालं! हिरड्या टम्म फुगल्या, घास चावताना पोरगी कळवळायची.

मी म्हटलं, “अहो, डॉक्टरला दाखवा तिचे दात.” आई अंगावरच आली. “पोटुशीला सुया टोचायच्या? मोठी शहाणी!” भाऊने मोबाइलमधून मान वर काढली आणि पुन्हा घातली. बाबा हसत म्हणाले, “अगं, पडले तर पडले. घरचा कारखाना आहे! ये सूनबाई, तुझा ठसा आगाऊच घेऊन ठेवतो.” हौसच दांडगी! ठसा निघाला तो लाल. बाबांनी सवयीने तो नळाखाली धरला, स्वच्छ धुतला आणि म्हणाले, “वा! काय सुरेख उमटलाय!” वहिनीचा जबडा फळीवर जाऊन बसला.

सातवा महिना सरायच्या आतच वहिनीला कळा सुरू झाल्या. मुलगी झाली, एवढीशी. तिला काचेच्या पेटीत ठेवलं. जगेल की नाही, हे विचारायचीही कुणाची छाती होईना. मला तर सगळ्यांचा इतका राग आला होता की रडूही येईना.

डॉक्टरीणबाई आल्या. “बाळ तग धरेलसं वाटतंय,” म्हणाल्या. मग वहिनीचं तोंड उघडून बघितलं आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. “या हिरड्या कुणाला दाखवल्या नाहीत?”

“त्यामुळे झालं का हे?” भाऊने विचारलं. पहिल्यांदाच मोबाइल खिशात होता.

“त्यामुळेच झालं, असं कुणी छातीठोकपणे सांगणार नाही. पण हिरड्यांचा आजार आणि वेळेआधीचं बाळंतपण, दोन्ही बरेचदा एकत्र दिसतात. आणि गरोदरपणात दातांवर उपचार करता येतात हो! निदान हिचा त्रास तरी वाचला असता.”

बाबा चाचरत म्हणाले, “मी... मी ठसा घेतला होता हिचा.”

“मग तुम्हाला दिसलंच असेल,” बाई म्हणाल्या.

खाटेवरून वहिनी हळूच म्हणाली, “लाल निघाला होता ना, बाबा? तुम्ही काहीच बोलला नाहीत. मला वाटलं, सगळ्यांचाच तसा निघतो.”