लाईन नसताना आईला ऐकू आलेली बेअरिंग

आधीच सांगतो, मी यंत्रातला माणूस. अकोल्याच्या एका दाल मिलमध्ये मेंटेनन्सला आहे. आवाज आला की कारण असतं आणि कारण नसलं तर आवाज नसतो, एवढंच मला माहीत. हे लिहावं की नाही यात सहा महिने गेले...

आमचं घर नांदगाव खंडेश्वरला. पुढच्या खोलीत पिठाची गिरणी आहे, ती माझी बायको सुनंदा चालवते. मी आठवडाभर अकोल्याला, सुट्टीला एसटीने घरी. घरात तिसरी माझी आई. एका आजारपणात तिचे दोन्ही कान गेले, त्याला अकरा वर्षं झाली. अमरावतीच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की कानाचं मशीन लावूनही उपयोग नाही. तेव्हापासून आमचं बोलणं हातवाऱ्यांनी. ती मात्र तोंडाने बोलते, तेही मोठ्याने.

रविवार होता, सकाळचे अकरा वाजले असतील. लाईन, म्हणजे वीज, जाऊन तास झाला होता. गिरणी बंद, लोकांचे गव्हाचे डबे ओळीने ठेवलेले. लाईन आली की लगेच दळण सुरू करता यावं म्हणून सुनंदा चाडीत, गिरणीच्या वरच्या पेटीत, गहू ओतत होती. मी पेपर वाचत होतो. आई मागच्या अंगणात तूर निवडत बसली होती.

ती एकदम सूप टाकून आत आली.

"गजू, गिरनीत आवाज येऊन राहिला."

मला आधी काही कळलंच नाही. अकरा वर्षांत तिच्या तोंडून 'आवाज' हा शब्द मी ऐकला नव्हता. मी हाताने खूण केली — गिरणी बंद आहे, लाईन नाही.

"बंद हाय ते मले दिसते. पण आतमंदी काहीतरी दात खाऊन राहिलं. आत्ता. तुले नाही येत ऐकू?"

सुनंदाने माझ्याकडे पाहिलं. खोलीत खरंच काही आवाज नव्हता. मी आईच्या समाधानासाठी पुली हाताने फिरवून दाखवली. थोडी जड लागली, पण पट्टे ताणलेले असले की तेवढी लागतेच. शाफ्टच्या दोन बेअरिंगांपैकी पलीकडच्या बेअरिंगवर हात ठेवून मी 'ठीक आहे' अशी खूण केली.

"ते नाही रे. हे, इकडलं," ती म्हणाली आणि तिने पुलीकडच्या बेअरिंगकडे बोट दाखवलं. मग सुनंदाचा दंड धरून तिला तिथून ओढलं. "तू इथं उभी नोको राहू, बाई." आणि स्वतः गिरणीसमोर फतकल मारून बसली. उठेचना.

"आई म्हन्तेत तं खोलून पाहा ना एकडाव," सुनंदा म्हणाली. "तसंही लाईन नाही."

गिरणीचा मेन स्विच खाली केला, पट्टे उतरवले आणि त्या बेअरिंगचं झाकण खोललं. आतलं पाहून माझे हातच थांबले. ग्रीस वाळून काळी, कडक झाली होती, गुळाच्या खरपुडीसारखी. गोळ्या धरून ठेवणारा पिंजरा दोन ठिकाणी तुटलेला, एक गोळी घासून चपटी झालेली. असं चालू केलं असतं तर शाफ्ट वाकला असता, दगड फुटला असता... आणि सुनंदा नेमकी त्याच बाजूला उभी राहते.

मी झाकण हातात धरून बसलो होतो, तेवढ्यात वरची ट्यूबलाईट लागली. लाईन आली होती. मी आधी मेन स्विचकडे पाहिलं, तो खालीच होता. सुनंदा माझ्या शेजारी खालीच बसली.

चूक माझीच होती. मिलमध्ये मी सगळ्यांना शिकवतो — जुनी ग्रीस धुऊन काढा, दोन जातींची ग्रीस एकत्र करू नका, आतली जागा गच्च भरू नका. आणि घरी दिवाळीत, बस चुकेल म्हणून, हाताला लागली ती वेगळीच ग्रीस जुनीवरच कोंबून मोकळा झालो होतो.

सोमवारी रजा टाकली. अमरावतीहून दोन्ही बेअरिंगा आणल्या, बेअरिंग बसतं ते घर रॉकेलने धुऊन कोरडं केलं, मोजून ग्रीस भरली. गिरणी इतकी मऊ चालली की मला हसूच आलं. आईला खुणेने विचारलं — आता आवाज कसा आहे?

"मले काय इचारतं बाप्पा," ती म्हणाली. "मले कुठं ऐकू येते?"

मिलमधले साहेब म्हणाले, जमिनीची थरथर तिला पायातून कळली असेल. असेलही. पण गिरणी तासभर बंद होती, ती मागच्या अंगणात होती आणि ती 'आत्ता' म्हणाली होती. शिवाय दोनपैकी नेमकी कोणती, हे तिला कसं कळलं? डॉक्टरांनी कान पुन्हा तपासले. काहीच फरक नाही.

मी अजून अधूनमधून यावर विचार करत बसतो. सुनंदा नाही करत. परवा चाळणीतलं पीठ झाडता झाडता म्हणाली, "तुमाले कारन पायजे. मले हे दोन हात पायजे होते, ते हायेत. माह्यावाला हिशोब झाला."

माझा नाही झाला. पण झोप मात्र शांत लागते.